पोर्तुगालच्या पुढे गेलेली वाडी

जगाची तुलना करायला बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो चुलीचा. हे मी विनोदाने म्हणत नाही. आमच्या कामात 'कुटुंब' म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. रक्ताचे नाते, सातबारा, भिंती, यांचा काही संबंध नाही. दोन सख्खे भाऊ एका छपराखाली राहतात, पण बायकांचे पटत नाही म्हणून चुली दोन. झाली दोन कुटुंबे. देशात कुटुंबे किती हे पुष्कळ अंशी जावा-जावांच्या भांडणांवर ठरते. तो आकडा पुढे दिल्लीला जातो, तिथून परदेशी जातो, आणि तिकडे विद्वान माणसे लिहितात की दक्षिण आशियात एकत्र कुटुंबपद्धती आधुनिकतेच्या रेट्याखाली मोडत आहे. मोडत असेल. मी ज्या घरात ती मोडताना पाहिली तिथे ती लोणच्याच्या बरणीवरून मोडली होती.

मी बीड जिल्ह्यात अन्वेषक होतो. हा शब्द ऐकून लोकांना वाटते की मी खुनी शोधत असेन. आमचे काम साधे: घरोघर जायचे, ठरलेले प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारायचे, उत्तराचा आकडा चौकटीत भरायचा. प्रश्न बदलायचा नाही, समजावून सांगायचा नाही, उत्तर सुचवायचे नाही, आणि उत्तर ऐकून चेहरा बदलायचा नाही. शेवटची अट सगळ्यांत अवघड. मी ती इतकी वर्षे पाळली की निवृत्तीनंतरही चेहरा मूळपदावर आला नाही, अशी घरी तक्रार आहे.

नोकरीच्या अखेरच्या काळात आमच्याकडे जागतिक प्रश्नावल्या येऊ लागल्या. एकच प्रश्नावली पेरूच्या डोंगरात, केनियाच्या माळावर आणि आमच्या धारूरच्या घाटात. म्हणजे तुलना चोख होते. जनावरांच्या यादीत बैल, शेळी यांच्या जोडीला उंट आणि याकही असत, आणि प्रत्येक घरी प्रत्येक जनावर विचारावेच लागे. त्याशिवाय उत्तरे भरायला दिलेला टॅब पुढे सरकतच नसे. 'तुमच्याकडे याक आहे का?' हा प्रश्न मी अंबाजोगाईपासून गेवराईपर्यंत विचारला आहे. एका म्हाताऱ्याने मला शांतपणे विचारले, "मिळणार हायती का?" त्यानंतर त्या गावात आठवडाभर याक वाटपाची चर्चा होती. दोघांनी गोठेही साफ करून ठेवले होते.

भुकेचा प्रश्न तर मी जन्मात विसरणार नाही. 'गेल्या तीस दिवसांत घरातील कोणी दिवसभर न जेवता राहिले का?' माजलगावकडे धरणाच्या पाण्यावर ऊस पिकवणारे एक मोठे बागायतदार. दारात दोन गाड्या, घरावर टॉवरएवढी पाण्याची टाकी. त्यांच्या बायकोला मी हा प्रश्न विचारला.

"राहिले की," त्या म्हणाल्या.

"किती दिवस?"

"आता बघा, एकादशा दोन. चतुर्थी एक. सोमवार चार. आणि सासूबाईंचे गुरुवार येगळे."

उपवास वगळावेत असे पुस्तिकेत कुठेही नव्हते. समजावून सांगायची मला परवानगी नव्हती. मी आकडा भरला. टॅबच्या कोपऱ्यात लाल खूण उमटली: तीव्र अन्न-असुरक्षितता. त्याच खुणेखाली बसून मी त्यांच्या घरची साबुदाण्याची खिचडी खाल्ली.

त्याच दिवशी दुपारी शिवारात ऊसतोड करणाऱ्या एका बाईला तिच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, हाच प्रश्न विचारला. चूल थंड होती. ती ताठ बसली आणि म्हणाली, "आमच्यात कुणी उपाशी झोपत न्हाई, सायब. आमी काय भिकारी हाव का?" शून्य भरले. हिरवी खूण.

दोन्ही उत्तरे खरी होती, दोन्ही आकडे नियमात होते, आणि मला चांगल्या कामाचे प्रशस्तिपत्रक मिळाले. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झाले त्यात माझा नियमावरचा विश्वास हाच मुख्य आरोपी आहे.

निवृत्तीला वर्षभर उरले असताना एका मोठ्या परदेशी संस्थेने जगाच्या निरनिराळ्या प्रदेशांतून एकेक गाव निवडले. विकासाची तुलना करायची होती. दक्षिण आशियाची अब्रू आमच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीच्या हातात आली. तिचे नाव सांगत नाही. तिथले सरपंच हयात आहेत. ते दिवाळी अंक वाचत नाहीत, पण त्यांचे विरोधक वाचतात.

मी वाडीत गेलो तेव्हा पौष चालू होता. डोंगरपट्ट्यातली वाडी पौषात म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवे. दसरा-दिवाळी झाली की कामाच्या वयाची बहुतेक माणसे टोळ्या करून ऊसतोडीला जातात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. परत येतात ती गुढीपाडव्याच्या सुमारास. तोवर गावात म्हातारी माणसे, शेळ्या आणि कुलपे. पूर्वी लेकरेही आईबापांबरोबर जात आणि शाळा तुटे. म्हणून शाळेच्या दोन खोल्यांत हंगामापुरते वसतिगृह चालते. लेकरे तिथे राहतात, जेवतात, शिकतात. वाडीचे वसतिगृह केशरबाई सांभाळी. पन्नाशीची विधवा बाई, आवाज हलगीसारखा. लेकरे तिला आत्या म्हणत.

आता नियम. एक: गेल्या तीसपैकी बहुतेक रात्री घरात झोपला तोच त्या घरचा माणूस. टोळीवर गेलेले आपोआप बाद. दोन: वसतिगृह, तुरुंग आणि सैनिकी छावणी या 'संस्था' आहेत, तिथली माणसे मोजायची नाहीत. लेकरे बाद. उरली म्हातारी. मी उरलेली वाडी अत्यंत काळजीपूर्वक मोजली. शेऱ्याच्या रकान्यात 'बहुसंख्य कुटुंबे ऊसतोडीस गेलेली आहेत' असे लिहिलेही. पण शेऱ्याचा रकाना कोणी वाचत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

तीन महिन्यांचे काम त्या संस्थेने तीन आठवड्यांत केले. निकाल आला. वाडीत कुटुंब लहान, जन्मदर जवळजवळ नाही, शाळाबाह्य मूल एकही नाही, बेकारी नाही, घरात माणशी खोल्या भरपूर, आणि वृद्धांचे प्रमाण थेट दक्षिण युरोपाच्या तोडीचे. तक्त्यात आमची वाडी पोर्तुगालमधल्या एका गावाच्या एक पायरी वर होती.

सरपंच आबांनी वेशीवर फ्लेक्स लावला: 'पोर्तुगालला मागे टाकल्याबद्दल समस्त ग्रामस्थांचे हार्दिक अभिनंदन.' वर आबांचा गॉगलमधला फोटो. मला म्हणाले, "साहेब, पोर्तुगालच्या सरपंचाचा नंबर मिळंल का? फोन करावा म्हणतो. त्याला वाईट वाटलं आसंल."

मग पाहणीला माणसे आली. संस्थेच्या एक परदेशी बाई, आणि दिल्लीत स्थायिक झालेले मूळचे पुण्याचे एक सल्लागार, जाकीट घातलेले. मी मागे उभा. क्षेत्रीय कर्मचाऱ्याने विचारल्याशिवाय बोलू नये, असे मला गाडीतच सांगितले होते. पहिले घर दगडूबाबांचे. ऐंशीच्या पुढचे गृहस्थ, ओट्यावर ऊन खात बसलेले.

"तुम्ही एकटेच राहता का?" बाईंच्या वतीने सल्लागारांनी विचारले.

"एकटा कशाचा? म्हातारी हाय, शेळी हाय."

"मुले?"

"दोघं हायती. कर्नाटकात गेलेत, बायका घिऊन."

सल्लागारांनी इंग्रजीत सांगितले की दोन्ही मुलगे सपत्नीक परराज्यात नोकरीनिमित्त स्थायिक आहेत.

"परत येतात का?"

"न येऊन जातात कुठं? पाडव्याला येतील."

वर्षातून एकदा सणाला येतात, असे भाषांतर झाले. बाईंचे डोळे एकदम भरून आले. त्यांची आई आपल्या गावी अशीच एकटी राहते, आणि त्याही वर्षातून एकदा सणालाच तिच्याकडे जातात, हे त्यांनी सांगितले. त्यांनी दगडूबाबांचा हात हातात घेतला. बाबा घाबरून माझ्याकडे बघू लागले.

"काय झालं रं हिला?"

"हिची आई एकटी असते, बाबा."

"मंग हितं काहून फिरायली? घरी जा म्हणावं."

हे वाक्य त्या सगळ्या दौऱ्यातले सर्वांत उपयोगी होते. त्याचे भाषांतर झाले नाही.

इतक्यात शाळा सुटली. आबांनी केशरबाईला ताकीद दिली होती की गाड्या जाईपर्यंत लेकरे आत ठेव. पण पांढरी मोठी गाडी वाडीत रोज येत नाही. वीस-बावीस लेकरे गाडीभोवती गोळा झाली. सल्लागारांनी टॅब पाहिला, लेकरे पाहिली, पुन्हा टॅब पाहिला.

"ही मुले कोणाची?"

"पाव्हणे हायती," आबा म्हणाले.

"एवढे?"

"आमच्या गावाला पाव्हण्यांची लई ये-जा."

वसतिगृहाच्या दारातून केशरबाईचा आवाज आला, "पाव्हणे? आबा, ह्यो तुमच्याच भावकीतला हाय. नाक बघा की त्याचं, तुमचंच हाय!"

"तू गप गं, केशर!"

अहवालात ओळ आली: ग्रामीण पर्यटनास मोठा वाव. मी त्या वेळी पुढे होऊन दोन वाक्ये बोलू शकलो असतो. बोललो नाही. माझ्या तक्त्यात एकही चूक सापडली नव्हती, आणि ती गोष्ट मला फार आवडली होती.

आठवडाभराने एक पत्र निघाले. कोणत्या टेबलावरून ते महत्त्वाचे नाही. लिहिणाऱ्याने आमचाच तक्ता वाचून प्रामाणिकपणे लिहिले होते. वाडीत शाळेच्या वयाचे एकही मूल नसल्याने हंगामी वसतिगृहाची आवश्यकता दिसत नाही, सबब शिधा बंद करावा. चौथ्या दिवशी केशरबाई एसटीने बीडला माझ्या कार्यालयात आली. सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा बेताने बोलली.

"सायब, तुमीच लिवलंत न्हवं, वाडीत लेकरूच न्हाई म्हणून? मंग मी सकाळी उठून भाकरी कुणासाठी थापते? भुतांसाठी?"

मी पुस्तिका काढली. तीस रात्रींचा नियम वाचून दाखवला. संस्थेची व्याख्या वाचून दाखवली. तिने नीट ऐकून घेतले.

"पुस्तक कुणी लिवलंय?"

"तज्ज्ञांनी."

"त्यायला लेकरं हायती का?"

"असतील."

"मंग ती कुठं मोजली?"

मी पुस्तिका मिटली. मी आबांना फोन लावला. लेकरे गावचीच आहेत असे ग्रामपंचायतीने कळवावे, एवढीच विनंती. आबांनी जीव तोडून नकार दिला. "साहेब, पोर्तुगालच्या खाली जायचं? निवडणूक तोंडावर हाय हो!"

केशरबाईने उठता उठता आणखी एक गोष्ट सांगितली, या वेळी हळू. पत्राची बातमी टोळ्यांपर्यंत गेली होती. बाकीच्या लेकरांचे आजी-आजोबा तरी वाडीत होते; त्यांनी कसेबसे थोपवून धरले. मनीषाचे वाडीत कोणी नव्हते. सहावीतली मुलगी, पाढे पाठ असलेली. आदल्या दिवशी बाप आला आणि तिला घेऊन गेला. "आज एक गेली," केशरबाई म्हणाली. "हप्ताभरात समदी जातील. एकदा उसाच्या फडात गेलेलं लेकरू पुना वर्गात बसत न्हाई, सायब. मी बघितलंय."

रविवारी मी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. नियमाने केलेली गोष्ट नियमानेच मोडता येते, हा एवढाच धडा मी सरकारी नोकरीत शिकलो. कुटुंबाची रचना बदलल्यास पुनर्भेट घेता येते, असे एक कलम होते. आणि कुटुंब म्हणजे काय? एक चूल. मी वाडीला गेलो.

"केशरबाई, लेकरं तुमच्या घरी झोपतील का?"

"झोपतील की. कावून?"

"तीस रात्री. आणि जेवणही तुमच्या घरच्या चुलीवर. शाळेतली शेगडी नको."

"तेवढ्यानं ती माणसात येतील?"

"येतील."

तिचे घर दोन खणांचे, पत्र्याचे. लेकरे दाटीवाटीने झोपली, काही अंगणात. शिधा नव्हता, पण म्हाताऱ्यांनी ज्वारी आणून दिली. दगडूबाबा रोज तांब्याभर शेळीचे दूध आणून देत आणि आपली शेळी या उपक्रमात वाळत चालल्याचे रोज मोठ्याने सांगत. एकतिसाव्या दिवशी मी टॅब घेऊन केशरबाईच्या ओट्यावर बसलो. कुटुंबप्रमुख: केशरबाई. लेकरागणिक टॅब विचारी, 'सदस्यसंख्या असामान्य आहे. खात्री आहे का?' मी दर वेळी 'होय' दाबत होतो. मग रकाना आला, कुटुंबप्रमुखाशी नाते.

"नाते नसलेला, असं भरतो," मी म्हणालो.

"काय म्हणून? ह्याच्या आईचं बाळंतपण मी केलंय. ही माझ्या मांडीवर खेळलीय. आन् ह्यो," तिने एकाची मानगूट धरली, "ह्यानं माझी कोंबडी मारलीय. नातं न्हाई कसं?"

कोंबडी मारण्याला संकेतांक नव्हता. सगळ्यांपुढे 'इतर नातेवाईक' भरले. एकोणीस झाले. वसतिगृहाला किमान वीस लागत. हे मला माहीत होते, तिला नव्हते.

"आता मनीषाचं लिवा," ती म्हणाली.

"ती इथं नाही."

"मंग तिला तिकडं लिवलंय का, कर्नाटकात?"

मी समजावले. टोळी एका फडातून दुसऱ्या फडात हलते. एका जागी तीस रात्री होत नाहीत. त्यामुळे तिकडेही तिला कोणी मोजणार नाही.

"म्हंजी इकडं न्हाई, तिकडं न्हाई. तुमच्या येवढ्या मोठ्या जगात ती पोरगी कुठंच न्हाई?"

मी मनीषाचे नाव भरले. वय अकरा. शिक्षण सहावी. टॅबने विचारले, खात्री आहे का. होय.

निकाल फिरला. वाडी पोर्तुगालच्या खाली गेली, पेरूच्या खाली गेली, केनियाच्या खाली गेली आणि तक्त्याच्या तळाशी जाऊन बसली. अशी घसरण जगात कुठेच झाली नसल्याने सल्लागार स्वतः पडताळणीला आले. नियम असा की यादीतले एक नाव टॅब स्वतः निवडतो आणि त्या माणसाची खात्री करायची. टॅबने मनीषा निवडली. मी वर्षानुवर्षे कमावलेला चेहरा लावून उभा राहिलो.

"ही कुठे आहे?"

"रानात गेलीय," केशरबाई म्हणाली. शब्दाने खोटे नव्हते.

"ती इथेच जेवते याचा काही पुरावा?"

केशरबाई आत गेली आणि मांडणीवरून एक स्टीलचे ताट घेऊन आली. पोरांची ताटांवरून भांडणे होत, म्हणून तिने बाजारात भांडेवाल्याकडून प्रत्येकाच्या ताटावर नाव कोरून घेतले होते. काठावर लिहिले होते: मनीषा. ताट घासलेले, लखलखीत. सल्लागारांनी त्याचा फोटो काढला. पुराव्याच्या यादीत आधार होते, शिधापत्रिका होती, जन्मदाखला होता. त्यांनी 'इतर' निवडले आणि पुढे लिहिले: ताट. जगाच्या तुलनेचा तो जाडजूड अहवाल मी पुढे पाहिला. त्यात खाली बारीक अक्षरांत ही नोंद अजून आहे.

शिधा सुरू झाला. आबांनी फ्लेक्स बदलला: 'वाडीचा अतिमागास यादीत समावेश करून आणल्याबद्दल लोकप्रिय सरपंचांचे हार्दिक आभार.' फोटो तोच. ते निवडूनही आले.

मनीषा पाडव्याच्या आधी परत आली. पुढचे काही महिने कधी शाळेत गेली, कधी गेली नाही. दसरा झाला, टोळ्या निघायला लागल्या, तेव्हा वसतिगृह उघडे होते, वीस लेकरांची मंजुरी होती आणि त्या मंजुरीत तिचे नाव होते. मी निवृत्त झालो होतो, तरी त्या दिवशी वाडीत गेलो होतो. केशरबाई माझ्यादेखत ट्रकपाशी जाऊन तिच्या बापाशी भांडली. "पोरगी ठिव. जागा हाय, शिधा हाय. का नेतोस?"

तो वाईट माणूस नव्हता. खाली बघत म्हणाला, "ठिवली आसती, आत्या. पर मुकादमानं तिला धरून हिशेब लावून आगाऊ पैसं दिलंत आता."

टोळीत माणसे मोजायची रीत वेगळी असते. तिथे चूल नाही, रात्री नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता; एकटे माणूस म्हणजे अर्धा. गेल्या हंगामात मनीषाने मोळ्या बांधल्या, उचलल्या, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या केल्या, ते टोळी नेणाऱ्या मुकादमाने पाहिले होते. मी तिला आधी मोजले नाही आणि मग जिथे ती नव्हती तिथे मोजले. मुकादमाला पुस्तिका लागली नाही, पुनर्भेट लागली नाही. त्याच्या वहीत तिची नोंद पहिल्याच खेपेला बरोबर झाली होती: अर्धा कोयता.